दिवाळी ते होळी : विदर्भातल्या घराची ऊन-थंडीची तयारी

नागपुरात मे २०१३मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि डिसेंबर २०१८मध्ये ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दोन्ही वेळा माणसं त्याच छताखाली झोपली. तरीही तयारी म्हटली की आपण होळीनंतर कूलरमध्ये नवीन गवत भरतो, थंडी पडायच्या आधी रजया उन्हात टाकतो, आणि घराला मात्र काहीच करत नाही. घराचं छत, पश्चिमेची भिंत आणि खिडक्या एकदा नीट करून घेतल्या तर मे महिन्यातली रात्र सुसह्य होते आणि डिसेंबरातली पहाटही. त्यातलं बहुतेक काम दिवाळी ते होळी या काळात करावं. दिवाळीपर्यंत स्लॅबमधली पावसाळी ओल बऱ्यापैकी सुकलेली असते. एप्रिल-मेमध्ये गच्ची इतकी तापते की वरचा लेप पकड घेण्याआधीच वाळतो आणि त्याला तडे जातात. जूनमध्ये तर काम अर्धवट टाकून ताडपत्री शोधायची वेळ येते.

पैसा खर्च करण्याआधी घर कुठून तापतं ते तपासा. ऑक्टोबरची उष्णता यासाठी चांगली. रात्री दहाच्या सुमारास स्टुलावर चढून छताला तळहात लावा. बाहेर वारा गार झालेला असतो, पण छत अजून गरम लागतं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खालच्या अंगाला पोचायला काही तास लागतात. म्हणून संध्याकाळनंतर पंखा लावला की गरम हवा अंगावर येते. मग त्याच हाताने पश्चिमेची भिंत पाहा, नंतर पूर्वेची. फरक लगेच कळतो. तापमान दाखवणारं छोटं यंत्र घेतलंत तर प्रत्येक खोलीतलं दुपारी तीनचं, रात्री दहाचं आणि पहाटे सहाचं तापमान वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर हीच नोंद ठेकेदारासमोर ठेवता येते.

गच्चीचं काम काढण्याआधी गळती बघायचीच. छतावर पिवळे डाग, पोपडे किंवा बारीक रेषेसारखी ओल दिसत असेल, तर तिच्यावर कुठलाही थर टाकणं म्हणजे रोग आत कोंडणं. गच्चीवरची पाणी जायची भोकं कापड कोंबून बंद करा, दोन इंच पाणी साठवा आणि दोन दिवस खालून लक्ष ठेवा. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा बहुतेक वेळा दोषी निघतो. तिथे गोलाई देऊन घेतलेली नसेल तर ती आधी करून घ्या. उतार पाइपाकडे आहे की पाणी मधेच साचतं, तेही याच वेळी कळतं.

आता मुख्य काम. छतासाठी दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दुकानात त्या हमखास एकत्र करून सांगितल्या जातात. एक म्हणजे ऊन परतवणं, दुसरी म्हणजे उष्णता अडवणं. पांढरा रंग ऊन परतवतो. चुना, पांढरा लेप, फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक, सगळ्यांचं काम तेच. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं. तेलंगणाने २०२३मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण आणलं. एवढ्या मोठ्या पातळीवर हा उपाय निवडला जातो, कारण तो स्वस्त आहे आणि पहिल्याच उन्हाळ्यात जाणवतो. पण डिसेंबरच्या रात्री पांढरा रंग काही कामाचा नाही. आतली ऊब स्लॅबमधून वर निघून जाते ती जातेच. दोन्ही ऋतू सांभाळायचे तर उष्णता अडवणारा थर हवा.

हा थर स्लॅबच्या वर टाकावा, खाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली फॉल सीलिंग करून त्यात रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली उष्णता अडवणारी लोकर, भरलं तरी स्लॅब दिवसभर तापतच राहतो, रोज फुगतो-आकसतो आणि त्याला चिरा पडतात. वरून थर टाकला की स्लॅबच उन्हापासून वाचतो. यासाठी एक्सपीएसची पाटी, म्हणजे घट्ट दाबलेल्या फेसाची निळी, गुलाबी किंवा हिरवी शीट, सर्वात सोयीची. ती पाणी धरत नाही आणि चालताना दबत नाही. घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर आणि जाडी ५० मिलिमीटर एवढं मागा. क्रम असा ठेवा: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर सांधे घट्ट जुळवलेल्या पाट्या, त्यावर पाणी झिरपू देणारं जिओटेक्सटाइल कापड, आणि शेवटी सिमेंटचा थर किंवा पांढऱ्या टाइल्स. उघडी पाटी उन्हात ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत तिचा पृष्ठभाग भुकटी होऊन निघायला लागतो, म्हणून माल आला की झाकून ठेवा आणि वरचा थर लांबवू नका.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८च्या इको निवास संहितेत घराच्या छतासाठी मर्यादा दिलेली आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त जाते. वरची ५० मिलिमीटरची पाटी हा आकडा मर्यादेच्या बराच खाली आणते. ठेकेदार ‘हीटप्रूफिंग’ म्हणून काहीही सांगू लागला तर त्याला थराची जाडी आणि हा आकडा विचारा. उत्तर देणारा ठेकेदार निवडा.

आपल्याकडे पूर्वी विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घालत, काही जण उपडी मातीची मडकी रचून वरून चुना-माती ओतत. बुलढाणा-अकोल्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांवर पांढऱ्या मातीचा हातभर थर असायचा आणि ती घरं खरोखर गार राहायची, थंडीत उबदारही. ती सगळी पद्धत वजनावर उभी होती आणि खाली तेवढे सागवानी सरे, म्हणजे तुळया, होत्या. आजच्या स्लॅबवर चार-पाच इंच कोबा चढवायचा असेल तर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा भार पडतो, हे धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. जुन्या इमारतीत एकावर एक दोन कोबे आधीच असतात. ते फोडून काढल्यावरच नवीन थर.

फ्लॅट असेल तर गच्ची सगळ्यांची आहे. वरच्या मजल्यावरच्यांनी एकट्याने मजूर बोलावू नये. अर्ज लेखी द्या, रात्रीच्या तापमानाची वही सोबत जोडा, आणि सर्वसाधारण सभेत गळतीच्या दुरुस्तीसोबतच हा विषय घ्यायला लावा. एकदा वॉटरप्रूफिंगसाठी गच्ची उघडली की फक्त पाटीचाच खर्च वाढतो. वेगळा काढला तर मजुरी पुन्हा पहिल्यापासून. सभा होईपर्यंत निदान चुना मारून घेता येतो: गच्ची घासून धुवा, भिजवलेला चुना गाळून घ्या, चिकटण्यासाठी त्यात फेविकॉल घाला, आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोन हात द्या. एका पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून दर वर्षी होळीच्या आसपास पुन्हा.

टिनाच्या किंवा सिमेंट पत्र्याच्या घरांना हे लागू नाही. पत्र्याला साठवायला काही नसतं. उन्हात तो मिनिटांत तापतो, रात्री मिनिटांत गारठतो आणि थंडीत त्याच्या खालच्या अंगाला दवासारखं पाणी जमून टपकतं. पत्र्यावर पांढरा लेप द्या आणि खाली निदान चार इंच अंतर सोडून फॉल सीलिंग करा. ते अंतर दोन्ही टोकांना उघडं ठेवा आणि जाळी लावा, म्हणजे गरम हवा निघून जाते आणि चिमण्या-उंदीर शिरत नाहीत. चकचकीत फॉइलची गुंडाळी लावायची असेल तर तिच्यासमोर हवेची फट हवीच, पत्र्याला चिकटवून लावली तर तिचा बराचसा उपयोग जातो. पूर्व विदर्भात पत्र्यावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरतात, कापसाच्या भागात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, टाकतात. गारवा मिळतो, पण मे महिन्यात एक ठिणगी पुरते. तेवढंच काम शेतातली हिरवी जाळी पत्र्यापासून दोन फूट वर ताणूनही होतं.

छतानंतर पश्चिमेची भिंत. २६ मेच्या आसपास नागपुरात शून्य सावली दिवस असतो, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्या वेळी ऊन गच्ची घेते, भिंती नाही. भिंतींची पाळी दुपारी तीननंतर येते. जुनी भिंत नऊ इंची असेल तर ती बरंच सोसते. नव्या बांधकामातली सहा इंची भिंत लवकर हार मानते. तिच्याबाहेर वेलीची जाळी, बांबूची चिक किंवा पत्र्याचा पडवा, काहीही चालेल, फक्त भिंतीपासून थोडं दूर. खोली नव्याने करत असाल तर पश्चिमेला एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे, वापरा आणि कपाटांची रांग त्याच भिंतीला लावा.

दक्षिणेची गोष्ट उलटी. डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तर उन्हाळ्यात तो ऊन अडवतो आणि थंडीत आत येऊ देतो. म्हणून दक्षिणेची खिडकी गडद फिल्म लावून कायमची आंधळी करू नका. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना पडदा बाहेरून हवा. काच ओलांडून ऊन आत आलं की जाड पडदाही ते परत बाहेर घालवू शकत नाही.

मग फटी. पहाटे वारा असताना पंखे बंद करा, पेटती अगरबत्ती खिडकीच्या चौकटीवरून हळू फिरवा (पडदे आधी बांधून घ्या). धूर जिथे आडवा वळतो तिथे फट. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांमध्ये ती दोन दारं एकमेकांवर येतात तिथे आणि खालच्या पट्टीत असते. तिथली झिजलेली ब्रशची पट्टी बदलून मिळते, खिडकी बदलायची गरज नसते. चौकट आणि भिंत यांच्यातली फट सिलिकॉनने भरा. दाराखाली रबराची पट्टी लावा.

विदर्भातल्या घरात सर्वात मोठी फट मात्र कूलरची खिडकी असते. जूननंतर कूलर झाकून तिथेच राहतो, खिडकीत प्लायवुडचा तुकडा किंवा जुना खोका कोंबलेला असतो, आणि डिसेंबरात त्याच्या कडेने येणारी थंडी सरळ पलंगावर पडते. यासाठी सुताराकडून खिडकीच्या मापाचं फळीचं झाकण करून घ्या. दोन पातळ प्लायमध्ये एक इंची थर्माकोल, चारही कडांना रबरी पट्टी, आतून दोन कड्या. थर्माकोल उघडा कुठेही दिसता कामा नये, तो पटकन पेट घेतो. होळीला झाकण काढून माळ्यावर, दिवाळीला परत खिडकीत.

कूलरच्या खोलीत उन्हाळ्यात फटी बुजवून चालत नाही, हेही याच ठिकाणी लक्षात ठेवा. कूलरची हवा ओली असते. समोरची खिडकी उघडी नसेल तर खोली दमट होते आणि अंग चिकट. एसीच्या खोलीत उलट, एकही फट नको. म्हणून कोणती खोली कूलरची आणि कोणती एसीची ते आधी ठरवा, मग सिलिकॉनची नळी हातात घ्या.

सगळं बंद करत आणताना एक गोष्ट सोडू नका. गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर तो घराबाहेर, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला हलवा. तोपर्यंत वरचा झरोका कधीही बुजवू नका. थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. फटी बुजवलेल्या घरात हा धोका आधीपेक्षा वाढतो, म्हणून घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, हे सांगून ठेवा.

फॉल सीलिंग करत असाल तर आधी वरची वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सांधे डब्यातच राहतील असं बघा. गच्चीवरच्या टाकीवर सावली करा आणि उघड्या पाइपांना फोमची नळी चढवा. मे महिन्यात सकाळी अकरालाच नळाला चटका देणारं पाणी येतं ते यामुळे बरंच उशिरा तापतं. काम संपल्यावर ठेकेदाराकडून मालाचं बिल, पाटीची जाडी लिहिलेला कागद आणि वॉटरप्रूफिंगची हमी घ्या, आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. पांढरी गच्ची धुळीने महिनाभरात करडी होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती खराट्याने घासून धुवायची, आणि एप्रिलअखेर पुन्हा एकदा.