दोन जुन्या पॉन्टून बोटी बघायला जाताना

रविवारी दाजी अन मी दोन सेकंडहँड पॉन्टून बोटी, म्हणजे पाइपांवर तरंगणाऱ्या सपाट बोटी, बघायला जायलोत. एक कोकणातल्या खाडीत चाललेली, सोफे चकाचक, ४० एचपीचं इंजिन, सध्या संभाजीनगरला गोडाऊनात ट्रेलरवर उभीय. दुसरी धरणातच वापरलेली, रंग उडालेला, इंजिन २० चं. दाजींचा जीव पहिलीवर बसलाय, माझा नाही, म्हणून दोन्हीला एकच यादी लावायची असं ठरलंय.

टॉर्च, मोठा स्क्रूड्रायव्हर, टेप, साबणाचं पाणी अन लेकीला सोबत घ्यायचं, लेकीचं कारण पुढं सांगतो. गेल्या गेल्या सोफ्यावर बसायचं नाही, आधी बोटीखाली झोपायचं. बोट तरंगते ती खालच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांवर, सगळी किंमत तिथं आहे. वेल्डिंगच्या रेषेवर टॉर्च मारायचा, पांढरी भुकटी अन बारीक खड्डे दिसले की समजायचं खारं पाणी लागलंय. पाइपाचा प्लग उघडून पाणी येतंय का बघायचं, शंका वाटली तर आत अगदी हलकी हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, पंक्चर काढतो तसंच, पण टायरएवढी हवा भरायची नाही, पाइप फुगून फाटंल.

टेप कशाला, तर विकणारा १४ माणसं बसतात म्हणतो. ६ मीटर लांब अन ६० सेंटिमीटर जाडीचे दोन पाइप पूर्ण बुडले तर साधारण ३४०० किलो पेलतात, अन पाइप अर्धेच बुडावेत, म्हणजे बोट, इंजिन, पेट्रोल, माणसं, डबे सगळं १७०० च्या आत. नुसती बोट अन इंजिनच हजाराच्या घरात गेलं तर आपली ९-१० माणसं बास झाली. ट्रेलर आहेच तर उसाच्या वजनकाट्यावर घालून घ्यायची, अंदाज करत बसायचंच नाही.

खालून प्लायवूडमधे स्क्रूड्रायव्हर टोचायचा, भस्सकन आत गेला तर सगळी फळी बदलायची आली. इंजिनला सुरू करायच्या आधी हात लावायचा, गरम असंल तर आपण यायच्या आधीच चालवून ठेवलंय. गोडाऊनात इंजिनच्या खालच्या, पाणी ओढायच्या जाळीला पाण्याचा पाइप लावूनच सुरू करू द्यायचं, कोरडं चाललं की पंपाचा रबरी पंखा जळतो. मागून पाण्याची धार जोरात यायला पाहिजे. गिअरचं ऑइल ताकासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरतंय.

आता लेकीचं. गेल्या उन्हाळ्यात भाड्याच्या बोटीत तिला मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट दिलं होतं, मी खांद्याला धरून उचललं तर जॅकेट हातात अन लेक खालीच. माझ्या पोटात गोळा आला होता. त्यामुळं बोटीसोबत जी जॅकेटं मिळतील ती तिला अंगावर घालूनच बघायची.

कागद तर पाहिजेतच, इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ प्रमाणं नोंदणी अन सर्व्हे, म्हणजे बोटीची सरकारी तपासणी, झालाय का ते विचारायचं. आपला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं बोट घालायची तर वनविभाग अन पाटबंधारे दोन्हीकडं आधी विचारायचं, बोट घेतल्यावर नाही.

पाण्यातली चक्कर दुपारी वारं सुटल्यावरच मारायची, छत लावून, कारण सकाळच्या शांत पाण्यात कुठलीही बोट चांगलीच वाटते. अन दाजी, इसाराचे पैसे रविवारी घरीच ठेवा.