पुण्यातून पिंपरी-चिंचवडला राहायला जाताना

पिंपरी-चिंचवड म्हणजे पुण्याचीच एक पेठ असं धरून निघालात तर पुढं अडचण होते. तिथली महापालिका १९८२ पासून वेगळी आहे, पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं, गाड्यांचा नंबर एमएच १४. आणि पाणी खडकवासल्याचं नाही, पवना धरणाचं.

१. आधी पाणी बघा. घराची खोली-खिडकी नंतर. २०१९ च्या अखेरीस तिथल्या महापालिकेनं दिवसाआड पाणी सुरू केलं आणि ते पुढं वर्षानुवर्षं तसंच चाललं. त्यामुळं सोसायटीच्या सेक्रेटरींकडून एप्रिल-मे महिन्यांचं टँकरचं बिल मागून घ्या. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर वॉचमनला विचारा, उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात. तो बरोबर सांगतो. फ्लॅट दाखवायला एजंट आला की बाथरूममध्ये जाऊन नळाचं तोंड आणि फरशीचा कोपरा नीट पाहा. पांढरट, खरखरीत थर साचला असेल तर बोअरचं जड पाणी वापरात आहे असं समजा. गीझर आणि वॉशिंग मशीनला त्याचाच त्रास होतो. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हेही तेव्हाच विचारा. भाडं कमी दिसतं ते बऱ्याचदा इथंच भरून निघतं.

२. जाण्यायेण्याचा रस्ता स्वतः करून बघा. तोही रविवारी नाही, सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला. सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून स्वारगेटपर्यंत मेट्रो थेट जाते आणि सिव्हिल कोर्टला वनाझ-रामवाडी मार्ग मिळतो. नोकरी शिवाजीनगर, मंडई, डेक्कन भागात असेल तर संत तुकारामनगर, कासारवाडी, दापोडी फार सोयीची. चिंचवड-आकुर्डीवाल्यांना लोणावळा लोकल आहे. वाकड, रावेत, मोशी इथून मात्र स्टेशन गाठायलाच पीएमपी किंवा दुचाकी लागते. हिंजवडीत काम असेल तर वाकड जवळ, पण सकाळच्या गर्दीत ते अंतर नकाशावर दिसतं तेवढं राहत नाही. हडपसर किंवा खराडीत नोकरी असेल तर माझं स्पष्ट मत आहे: हा बदल करू नका.

३. नदी किती लांब आहे ते पाहा. जुनी सांगवी, दापोडी, पिंपळे गुरव इथल्या नदीकाठच्या इमारतींसाठी विकास आराखड्यातली निळी आणि लाल पूररेषा तपासा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते कळतं. शक्यतो पावसाळ्यात जा आणि पार्किंगच्या भिंतीवर ओलीची आडवी रेघ दिसते का बघा. घरात म्हातारी माणसं असतील तर निगडी प्राधिकरणाचा विचार जरूर करा. रुंद रस्ते, झाडं, फिरायला जागा. तिथं विकत घ्यायचं असेल तर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली असते. हस्तांतराचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

४. करार. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, नोटरीवर भागवू असं म्हणाला तर ऐकू नका. विजेचं शेवटचं बिल भरलंय ना तेही पाहून घ्या.

५. सामान हलवणं. टेम्पो ठरवण्याआधी सोसायटीची लिफ्टची वेळ विचारा आणि पाणी येण्याचा दिवस निवडा. पुसणं, भांडी, सगळ्यांच्या आंघोळी, पहिल्या दिवशी पाणी भरपूर लागतं.

६. कागदपत्रं. आधारचा पत्ता बदला. गाडीच्या आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो. पुण्याचा एमएच १२ नंबर तसाच राहतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा आणि निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका. भोसरी विधानसभेत राहायला गेलात तर लोकसभेला शिरूरमध्ये मत द्याल, पिंपरी किंवा चिंचवडमध्ये गेलात तर मावळमध्ये.