साठ वॅटचा बल्ब शेवटचा कधी पाहिलात?

गोव्यात वीज वाचवण्याच्या योजनांच्या कामात पडून मला सहा वर्षं झाली, तरी कुणी 'बेसलाइन', म्हणजे योजनेआधीचा वीजवापर, म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. स्वस्तात एलईडी, पंख्यावर सूट, जुना फ्रिज द्या नवा घ्या असल्या ग्राहकयोजना दर काही वर्षांनी नव्यानं मांडाव्या लागतात आणि ते काम आमच्यासारख्या नवख्या इलेक्ट्रिकलवाल्यांच्या गळ्यात पडतं. ग्राहकाच्या बाजूनं विजेची मागणी कमी करण्याच्या या कामाला डीएसएम म्हणतात; ते आणि युनिट कसं मोजतात, हे तुम्हाला येतं असं धरून लिहिते.

माझं पहिलं काम जुना आराखडा 'अपडेट' करण्याचं होतं. अहवाल कपाटात, एक्सेल तयार. सिनिअर म्हणाले, आकडे बदल, तारीख बदल, दोन दिवसांचं काम. मी ग्राहकसंख्या बदलली, वीजदर बदलले, गृहीतकांच्या शीटला मात्र हात लावला नाही. तिथं होतं: ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी. बचत ५१ वॅट. रोज ४ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे बल्बमागे ६१ युनिट. याला लाखभर बल्बांनी गुणलं तर आकडा इतका देखणा आला की मी तो तक्ता हिरव्या रंगात रंगवला.

सादरीकरणाला तपासणीसाठी एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, साठ वॅटचा बल्ब तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

मला आठवेना. स्वस्तात एलईडी देणारी केंद्र सरकारची उजाला योजना २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली, आणि मये गावातल्या आमच्या घरी तर देवघरातसुद्धा कधीचा एलईडी लागलेला. म्हणजे स्वतःच्या घरातलं मला दिसत होतं आणि शीटमधलं दिसत नव्हतं.

हे जरा सावकाश सांगते, कारण सगळे इथेच आपटतात. बचत म्हणजे 'जुनं वजा नवं'. नवं काय ते सगळ्यांना ठाऊक असतं, खोक्यावर छापलेलं असतं. जुनं काय, ते कुणी जाऊन बघत नाही. होल्डरमध्ये १४ वॅटचा सीएफएल असेल तर बचत ५ वॅट, म्हणजे वर्षाला ६ युनिट. ६१ नव्हे, ६. आधीच एलईडी असेल तर शून्य. खोकं तेच, अनुदान तेच, कागदावर दहापट फरक.

पंख्याचं आणखी अवघड. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० चा. वर्षाला ३,६०० तास धरले तर १६२ युनिट वाचतात. पण २०२३ पासून छताच्या पंख्याला स्टार लेबल सक्तीचं झालं. ज्याचा पंखा जळालाय तो कसाही नवाच घेणार, आणि बाजारातला एक स्टारवालाही पन्नास वॅटच्या आसपास असतो. त्याच्यापुरती तुमच्या योजनेची कमाई २० वॅट, म्हणजे ७२ युनिट. चालता पंखा काढून दिला तर १६२ धरता येतात, पण तेही त्या पंख्याचं जेवढं आयुष्य उरलंय तेवढ्या वर्षांपुरतेच. फॉर्ममध्ये 'जुना पंखा चालू होता का?' हा एक रकाना नसेल तर पुढची सगळी गणितं हवेत.

आणि गोव्यात बंद घरं विसरू नका. फेरसर्व्हेला सत्तरी तालुक्यात एका म्हातारीला विचारलं, दिलेले बल्ब कुठं लावले? ती म्हणाली, "ते कपाटांत आसात. हांगा लायतलो कोण?" मुलगे मुंबईत, घरात ती एकटी, दोन खोल्या वापरात. दुसऱ्या घरी नवा फ्रिज स्वयंपाकघरात आणि जुना मागच्या पडवीत, मासळी ठेवायला. दोन्ही चालू! जुनं यंत्र उचलून नेत नसाल तर फ्रिजची योजना करूच नका, असं माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

सर्व्हे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात ठेवू नका. वर्षभर कुलूप असलेली घरं तेव्हा उघडतात, माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली) रात्रभर दिवे जळतात, पंख्याचे तास भलतेच येतात. बारा महिन्यांची बिलं मागा. किनाऱ्यालगत गेलात तर एसीचं बाहेरचं युनिटही बघा. खाऱ्या हवेनं कॉइल गंजली असेल तर लेबलावरचे तारे नावापुरते.

घाबरवतेय असं वाटलं असेल. तसं नाही, हे काम शिकता येतं. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची एनर्जी मॅनेजरची परीक्षा जरूर द्या, तीन पेपर आहेत आणि तिसरा विजेचा आपल्याला जमतो. क्लासला पैसे घालवू नका, ब्यूरोची गाइडबुकं पुरतात. पण बल्ब कपाटात असतो हे कुठल्याच पेपरात येत नाही. ते मला एका निवृत्त लायनमननं शिकवलं. कुठल्या वाड्यावर किती घरं उघडी, कुठल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पंप रात्री चालतो, सगळं त्याला तोंडपाठ. मेन्टॉर हवा असेल तर असला शोधा. तयार टेम्प्लेट हातात ठेवून 'दोन दिवसांचं काम' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. गोव्याचे प्रस्ताव संयुक्त वीज नियामक आयोगापुढे जातात. तिथले आदेश खुले असतात, कंटाळवाणे असतात, तरी वाचा. कुठला आकडा कुणी का कापला ते त्यात दिसतं.

माझा तो तक्ता नंतर दुरुस्त झाला. एलईडी जवळजवळ वगळले, पंखे ठेवले, बेरीज पहिल्याच्या पावानंही उरली नाही. सिनिअर आठवडाभर धड बोलले नाहीत. मग नव्या फॉर्मच्या चारशे प्रती काढायला त्यांनीच मला झेरॉक्सला पाठवलं, आणि 'जुना पंखा चालू होता का?' हा रकाना त्यात पहिल्या पानावर होता.