दुसरी लाइन चालू होती, तरी मेल परत का आले?

मेल सर्व्हर सांभाळायचं काम नुकतंच गळ्यात पडलेल्यांसाठी हे लिहितोय. पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) बसवणं, एमएक्स रेकॉर्ड, पोर्ट २५ आणि ५८७ मधला फरक हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मला एकाच गोष्टीबद्दल सांगायचंय: मुख्य इंटरनेट लाइन गेली की बाहेर जाणाऱ्या मेलचं काय होतं. त्यात मी असा काही अडकलो होतो की लाइन गेल्याचा मेसेज आला की अजूनही पोटात गोळा येतो.

नोकरीचे सुरुवातीचे महिने होते. सर्व्हर ऑफिसातच, एक फायबर लाइन, स्थिर आयपी. फायबर अधूनमधून जायची, म्हणून मागे लागून दुसऱ्या कंपनीची साधी ब्रॉडबँड लाइन मंजूर करून घेतली. राउटरवर फेलओव्हर लावला (एक लाइन गेली की आपोआप दुसरी), फायबरची वायर काढून पाहिली, थोड्या वेळात पिंग परत सुरू. काम झालं असं मी धरून चाललो. पुढे एका दुपारी फायबर खरोखरच गेली आणि कोणाला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंट्सच्या मॅडम टेबलापाशी आल्या. "अहो, काल नेट चालू होतं ना? मग पार्टी म्हणतेय इन्व्हॉइस मिळालंच नाही."

लॉग उघडला. ओळीमागून ओळ, शेवटी तेच: स्टेटस बाउन्स्ड, ५५० ५.७.२५, म्हणजे पाठवणाऱ्या आयपीची डीएनएसमधली उलटी नोंद पटली नाही म्हणून नकार. दुपारपासून गेलेल्या इन्व्हॉइसपैकी बरीचशी परत आली होती. आणि बाउन्स, म्हणजे मेल परत आल्याच्या सूचना, गेल्या कुठे? बिलिंगचं सॉफ्टवेअर ज्या पत्त्यावरून मेल पाठवायचं, त्या मेलबॉक्समध्ये. तो मेलबॉक्स कोणीच उघडत नव्हतं.

आता नीट समजून घ्या, कारण हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. लाइन पूर्ण बंद असते तेव्हा मेल सुरक्षित असतो. पोस्टफिक्सला पलीकडचा सर्व्हर सापडत नाही, तो मेल डिफर्ड रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मूळ सेटिंगमध्ये दोन प्रयत्नांमधलं अंतर ३०० सेकंदांपासून वाढत ४००० सेकंदांपर्यंत जातं, आणि मेल रांगेत ५ दिवस राहू शकतो. एसएमटीपीच्या (मेल पाठवायच्या पद्धतीच्या) २००८ च्या मानकात, आरएफसी ५३२१ मध्येही, हार मानण्याआधी किमान ४-५ दिवस थांबावं असंच म्हटलंय. म्हणजे दिवसभर लाइन नसली तरी मेल उशिरा जातो, हरवत नाही.

दुसरी लाइन चालू असली की मात्र पोस्टफिक्सला काही बिघडलंय हे कळतच नाही. तो नेहमीसारखा पलीकडे जोडला जातो, पण आता आयपी वेगळा असतो. त्या आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) आपल्या सर्व्हरच्या नावाशी जुळत नाही. एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या नावानं कुठल्या आयपींनी मेल पाठवावा हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत, तो नसतो, आणि तिच्या शेवटी वजा ऑल (बाकी सगळे नामंजूर) असेल तर थेट फेल. शिवाय घरगुती ब्रॉडबँडचे आयपी बहुतेकदा स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (ज्यांवरून थेट मेल येऊ नये अशा आयपींच्या) असतात. पलीकडचा सर्व्हर ५ ने सुरू होणारा कोड देतो. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. त्यानंतर पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करत नाही. त्या दिवशी दुसरी लाइन नसती, तर सगळी इन्व्हॉइस संध्याकाळी आपोआप गेली असती. हे कळलं तेव्हा मला फार लागलं, कारण ती लाइन मीच हट्टानं आणली होती.

उपाय अवघड नाही, घाबरू नका. बाहेर जाणारा सगळा मेल रिले सेवेतून, म्हणजे आपला मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरमार्फत, पाठवा: पोर्ट ५८७, युजरनेम-पासवर्ड, टीएलएस. मग पलीकडच्याला आयपी दिसतो तो रिलेचा. तुम्ही कुठल्या लाइनवरून आलात यानं फरक पडत नाही. रिलेचा इन्क्लूड (रिलेचे आयपी मंजूर करणारा भाग) एसपीएफमध्ये आधीच घालून ठेवा. टीटीएल (डीएनएसची नोंद इतरांनी किती सेकंद साठवून ठेवावी तो आकडा) ८६४०० असेल तर ऐन वेळी केलेला बदल सगळीकडे पोचायला पूर्ण दिवस लागू शकतो. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या शोधांची मर्यादा १० आहे, तीही मोजा. रिले रोजच वापरा, फक्त अडचणीत नको, असं माझं ठाम मत आहे. जी वाट रोज वापरात नसते, तिचा पासवर्ड कधी बदलला हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

फॉलबॅक रिलेची सेटिंग टाका म्हणजे झालं, असं सांगणारे भेटतील. ती सेटिंग पलीकडचा सर्व्हर सापडला नाही किंवा तात्पुरत्या अडचणीनं मेल गेला नाही तरच मेल दुसऱ्या सर्व्हरकडे वळवते. ५५० मिळालं की तिचा उपयोग शून्य. आणि एसपीएफला अधिक ऑल लावायचा सल्ला देणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. त्यानं जगातल्या कोणालाही तुमच्या नावानं मेल पाठवायची मुभा मिळते.

रिलेला मंजुरी मिळत नसेल तर राउटरवर दुसऱ्या लाइनवरून बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना थेट मेल देतात ते) बंद करा. एवढ्यानं मेल रांगेत थांबेल आणि फायबर आली की जाईल. मी त्याच आठवड्यात हेच केलं. गडबड चालू असतानाच लक्षात आलं, तर पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स चालू करून रीलोड द्या. ५ चे नकार तात्पुरते धरले जातात आणि मेल रांगेत राहतो. नंतर ते बंद करायला विसरू नका.

डीएनएसचंही पाहा. सर्व्हर पहिल्या कंपनीचा रिझॉल्व्हर (नावावरून आयपी शोधून देणारा) वापरत असेल, तर दुसऱ्या लाइनवरून तो बहुधा उत्तरच देणार नाही. स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा.

हे सगळं मला एका सिनियरनी शिकवलं. त्यांनी तयार कॉन्फिग दिली नाही. शेजारी खुर्ची ओढली आणि एक क्यू आयडी (लॉगमधला त्या मेलचा क्रमांक) धरून लॉगच्या ओळी पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला लावल्या. पंधरा मिनिटं लागली असतील. शिकवणारा निवडायची संधी मिळाली, तर असा निवडा. तयार फाइल देणारे पुष्कळ असतात.

आता महिन्यातून एकदा, सगळे घरी गेल्यावर, मी फायबरची वायर काढतो. पिंग बघत नाही. बाहेरच्या दोन वेगवेगळ्या मेलबॉक्सवर, बिलिंगच्याच पत्त्यावरून, खरं इन्व्हॉइस जोडून मेल पाठवतो आणि आलेल्या मेलचं हेडर उघडतो. रिसीव्ह्ड ओळीत रिलेचा आयपी, एसपीएफ पास, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पास. मग बाउन्सचा मेलबॉक्स बघतो. तो आता अकाउंट्सच्या मॅडमनाही दिसतो. वायर परत लावतो, रांग फ्लश करतो (थांबलेले मेल लगेच पाठवायला लावतो), आणि स्क्रीनवर ‘मेल क्यू इज एम्प्टी’ आलं की दिवे घालवून निघतो.