'ढोंग' असा शेरा मारण्याआधी या चुका टाळा

अपघात भरपाईचा दावा किंवा अपंगत्वाचा दाखला म्हटलं, की नवशिके मानसतज्ज्ञ समोरच्याला पकडायच्याच तयारीने बसतात. एका चाचणीत गुण कमी आले, की 'ढोंग' लिहून मोकळे. ही चूक पाहून मी थकलो आहे.

आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने असाच अहवाल सहीला आणला. शेतमजूर, मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार, काही लक्षात राहत नाही ही तक्रार. तिने त्याला मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांची पंधरा खुणांची चाचणी दिली होती. कार्ड दहा सेकंद दाखवायचं, मग आठवेल ते काढायला लावायचं. ए-बी-सी मोठी, तीच छोटी, एक-दोन-तीन, रोमन आकडे आणि आकृत्या असे पाचच गट असल्याने मार लागलेल्यालाही बरंचसं जमतं. याचे सहा आले. नऊच्या खाली म्हणजे शंका. मी मूळ कागद मागितला. गोल, चौकोन, त्रिकोण व्यवस्थित. खाली १, २, ३, तेही मराठी वळणाचे. बाकी कोरं.

"शिक्षण विचारलंस?" नव्हतं विचारलं. चौथीत शाळा सुटलेली. ज्याला इंग्रजी अक्षरच येत नाही, त्याच्यासाठी त्या नऊ खुणा म्हणजे नुसत्या रेघा. गट पडणार कसे? मी सही केली नाही. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर पहिली ओळ शिक्षणाची आणि लिपीची असते.

अशा माणसाला मी चित्रांची दोन पर्यायांची चाचणी देतो. ५० चित्रं, प्रत्येक वेळी दोनांतून आधी पाहिलेलं ओळखायचं. काहीच न आठवणारा अंदाजाने २५ च्या आसपास जाईल. १५ वर आला, तर बरोबर उत्तर ओळखून तो ते टाळतोय. नुसतं 'कमी' आणि 'अंदाजापेक्षाही कमी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व चाचणीतला एफ, म्हणजे सहसा कुणी देत नाही अशा उत्तरांचा गुण, वाढला म्हणजे नाटक, हीही घाईच. खरा मनोविकार असलेल्याचा वाढतो, मदतीसाठी आकांत करणाऱ्याचा वाढतो, आणि ५६७ विधानांना कंटाळून वाटेल तशा खुणा करणाऱ्याचाही. आधी उत्तरांतली विसंगती तपासा.

बुद्ध्यंक ४५ आणि माणूस एकटा दोन एसटी बदलून आलेला? आकडा लिहिण्याआधी घरच्यांना रोजचे व्यवहार विचारा.

रात्रभर प्रवास करून, झोपेची गोळी घेऊन आलेल्याची चाचणी त्या दिवशी घेऊच नका. दुसरी तारीख द्या.