परिमेय संख्या शिकताना: आकृतीआधी व्याख्या

संख्यासंचांचा धडा सुरू झाला की बरीच मुलं एकात एक बसवलेली वर्तुळं पाठ करतात: नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय, वास्तव. आकृती बरोबरच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. −६/३ कुठे बसेल असं विचारलं की शिकवणीतली मुलं हमखास अडखळतात, कारण दिसायला तो अपूर्णांक आणि किंमत मात्र −२. म्हणून नवीन मुलांना मी आधी एकच प्रश्न विचारायची सवय लावतो: अंश पूर्णांक आणि छेद शून्य सोडून कुठलाही पूर्णांक, अशा रूपात ही संख्या लिहिता येते का? येत असेल तर ती परिमेय. ५ म्हणजे ५/१, ० म्हणजे ०/१. प्रत्येक पूर्णांक असा आपोआप परिमेय ठरतो. उलट खरं नाही, ३/४ पूर्णांक नाही. वर्गमूळाचं चिन्ह बघूनही दचकायचं नाही, √९ म्हणजे ३च.

दशांश रूपाचा भाग मात्र सावकाश करा, आणि हाताने. १ ला ७ ने भागत गेलं की बाकी ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १ येते. शून्य सोडलं तर ७ ने भागल्यावर सहाच बाक्या शक्य आहेत, त्यामुळे कधीतरी जुनी बाकी परत येणारच. ती आली की १४२८५७ हे अंक त्याच क्रमाने पुन्हा सुरू! बाकी शून्य आली तर दशांश रूप खंडित, नाहीतर आवर्ती. तिसरा मार्गच नाही. या धड्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. इथे कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. १/१७ चं आवर्तन १६ अंकी आहे, साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर ते मावतच नाही.

२२/७ परिमेय आहे, पाय (π) नाही. दोन्हींत तिसऱ्याच दशांश स्थळी फरक पडतो: ३.१४२ आणि ३.१४१. पाय अपरिमेय, म्हणजे परिमेय नसल्याचं गणितज्ञ लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं.

परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या होतात, दोन्हींत सामाईक काहीच नाही. पण बेरजेत जपून. √२ आणि −√२ दोन्ही अपरिमेय, बेरीज मात्र ०. परिमेय अधिक अपरिमेय याचं उत्तर नेहमी अपरिमेयच: ३ + √२ परिमेय मानली, तर तिच्यातून ३ वजा करून √२ सुद्धा परिमेय ठरेल. ही सिद्धता पुस्तक मिटून एकदा लिहून काढा.