कोटिंग केलेल्या गोळीनंही नळीत शिसं का धरतं

शिरोली एमआयडीसीत मी सात वर्षं पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची भुकटी भाजून चढवायच्या, ओव्हनपुढं काढली. ग्रिल, पंख्याची पाती, स्विच बोर्डाचे डबे, काय काय रंगवलं. ओहायोला आल्यावर शेजारच्या आजोबांनी शिसं ओतून घरी गोळ्या करायला शिकवलं आणि त्यावर हल्ली पावडर कोटिंग करतात म्हणाले, तेव्हा वाटलं, हे तर आपल्या घरचंच काम. तरीही पहिल्याच हंगामात माझ्या मार्लिन ३३६ च्या नळीत चंदेरी पट्टे दिसले. थर्टी-थर्टीची रायफल, ५० यार्डांवर पहिल्या दहा गोळ्या वाटीत मावतील अशा, पुढच्या दहा ताटभर पसरलेल्या.

(भारतात राहणाऱ्यांनी हे वाचावं, करू नये. तिथं काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं घरी भरायला केंद्राचा परवाना लागत नाही.)

तीन महिने मी पावडरला दोष देत राहिलो. लाल टाकून निळी आणली, निळी टाकून काळी. दोष पावडरीत नव्हताच. गोळी नळीपेक्षा बारीक होती. बारीक गोळीच्या कडेनं तापलेला वायू पुढं पळतो, कोटिंग आणि शिसं दोन्ही कापत जातो आणि ते शिसं पोलादाला चिकटवतो. कोटिंग कितीही चांगलं असो, ती फट बुजवू शकत नाही. म्हणून सुरुवात मायक्रोमीटरनं करा, ओव्हननं नाही.

नळी आधी धातूपर्यंत स्वच्छ करा. आधीच्या मालकानं तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या झाडल्या असतील तर ते तांबंही काढा. त्या खरबरीत थरावर शिसं लवकर बसतं. मार्लिनचा लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात, मग सफाईचा गज मागून घालता येतो. तोंडाकडून घासाघीस करून तिथली कड खराब करू नका. आता मऊ शुद्ध शिशाचा तुकडा (मासेमारीच्या गळाचं वजन उत्तम) तेल लावलेल्या नळीत तोंडाकडून ठोकून पितळी गजानं पार ढकला. उठलेल्या ठशाचा मोठा व्यास मोजा. माझ्या मायक्रो-ग्रूव्ह नळीला आतून १२ पिळदार खाचा आहेत, समोरासमोर येतात, त्यामुळं माप सरळ मिळतं. आलं ०.३०८५ इंच. गोळी त्याहून एक ते दोन थाऊ जाड हवी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्या वर्कशॉपातला. मी गोळी डायमधून (ठरावीक मापाच्या साच्यातून) दाबून ०.३१० ला साइझ करतो.

आणि इथंच माझी खरी चूक होती. त्या वेळी मी ०.३०९ चा साइझिंग डाय वापरत होतो, म्हणजे कागदावर गोळी खाचेपेक्षा जाडच होती. पण काडतुसात बसवलेली एक गोळी मी हातोडा-पुलरनं परत ओढून मोजली तर ०.३०७५! केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, मानेनं तिला दाबून बारीक केलं होतं. काडतूस भरायच्या डायमधला, मान रुंद करणारा विस्तारक तांबं-आवरणाच्या कडक गोळीसाठी असतो, मऊ शिशाला ती मान फार घट्ट पडते. कास्ट (ओतीव शिशाच्या) गोळीसाठी वेगळा, पायरी असलेला विस्तारक मिळतो. तो मान थोडी मोकळी करतो आणि तोंड किंचित फुलवतो, म्हणजे गोळी बसताना केसची कड कोटिंग खरवडत नाही. प्रायमर (ठिणगी देणारा भाग) आणि बंदुकीची दारू न घालता एक डमी भरा, गोळी ओढा, मोजा, भिंगाखाली ओरखडे पाहा. दुसरी डमी चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, घालून बघा. सहज बसून सहज निघाली पाहिजे. अडकत असेल तर गोळी त्या चेंबरला जाड आहे. तसं काडतूस झाडू नका, दाब धोक्याच्या पातळीला जातो.

कोटिंगबद्दल. ओव्हनचा काटा २०० अंश सेल्सिअस दाखवतो ते हवेचं तापमान. पावडर शिजते ती धातूच्या तापमानावर. शिरोलीत आमचे सुपरवायझर नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायचे, आणि शिशाच्या गोळ्यांचा भरलेला ट्रे म्हणजे चांगलाच जड माल. एका गोळीला भोक पाडून मी त्यात थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घातला: माझ्या छोट्या ओव्हनमध्ये धातूला २०० गाठायला नऊ मिनिटं लागली. पावडरच्या डब्यावर २० मिनिटं लिहिलं असेल तर मोजणी त्यानंतर सुरू. कच्चं राहिलेलं कोटिंग नळीत रंगाचे पट्टे सोडतं.

परीक्षा दोन. ॲसिटोननं भिजवलेल्या फडक्यानं गोळी जोरात घासा. रंग उतरला तर परत भट्टीत. मग एक गोळी हातोड्यानं चपटी करा. कोटिंगनं शिशाबरोबर पसरलं पाहिजे, पापुद्रे सुटता कामा नयेत.

मिश्रधातू मी गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात त्या जुन्या चाक-वजनांचा घेतो, त्यात थोडं कथील मिसळतो. कथलानं शिसं साच्याच्या कानाकोपऱ्यात वाहतं. मात्र हल्लीच्या वजनांत जस्त असतं. भांडं ३७० अंशांच्या खाली ठेवलं तर जस्ताची वजनं न वितळता वर तरंगतात, ती उचलून टाका. गोळीच्या बुडाला मी तांब्याची टोपी, म्हणजे गॅस चेक लावतो. आधी चेक, मग कोटिंग, शेवटी साइझिंग, हा माझा क्रम. दारूचं माप फक्त छापील पुस्तकातल्या कास्ट गोळीच्या तक्त्यातून घ्या, सर्वांत खालच्या आकड्यापासून. १७० ग्रेनच्या (साधारण ११ ग्रॅमच्या) गोळीला सेकंदाला १६०० फुटांच्या आसपास मी सुरुवात केली. तिथं नळी स्वच्छ राहिली तरच पुढं गेलो.

तरीही शिसं दिसलं तर ते कुठं आहे ते बघा. चेंबरपासून पहिल्या काही इंचांत असेल तर गोळी बारीक आहे किंवा वायू कडेनं निसटतोय. तोंडाजवळ असेल तर कोटिंग शेवटपर्यंत टिकत नाही: वेग कमी करा किंवा भाजणं तपासा.

काढायला जुन्या ब्राँझ ब्रशवर निव्वळ तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा आणि कोरडेच फिरवा. घासणीला आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर आत पोलाद आहे, ती नळीत नको. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण ओतायला कुणी सांगेल, ऐकू नका. त्यातून शिशाचं विरघळणारं विषारी क्षार तयार होतं आणि पोलादही खाल्लं जातं.

विषाचं निघालंच आहे तर. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात कल्हईवाला यायचा तेव्हा ती आम्हा पोरांना धुरापासून लांब बसवायची. शिशाच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे. ओतकाम उघड्या शेडमध्ये, कामाचे कपडे वेगळे, हात गार पाण्यानं आणि साबणानं, तिथं चहासुद्धा नाही. कोटिंगचा ओव्हन परत कधीच जेवणासाठी वापरायचा नाही. माझ्या ओव्हनवर मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहिलंय.

गेल्या शनिवारी ५० गोळ्या झाडून घरी आलो, कोरडं फडकं नळीतून ओढलं. काजळी निघाली, चंदेरी कण एकही नाही.